लेझरच्या झोतात काच वेगळी का वागते?

बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच हिरव्या लेझर पॉइंटरच्या आत हिरवा प्रकाश देणारं काहीच नसतं. आत असतो ८०८ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) तरंगलांबीचा अवरक्त डायोड, ज्याचा प्रकाश डोळ्याला जवळपास दिसत नाही. तो प्रकाश निओडिमियम मिसळलेल्या व्हॅनडेट स्फटिकात शिरतो आणि तिथून १०६४ नॅनोमीटरचा लेझर निघतो. तोही न दिसणाराच. त्यापुढे केटीपी नावाचा बारीक स्फटिक बसवलेला असतो. त्यातून जाताना तरंगलांबी बरोबर निम्मी होते: ५३२ नॅनोमीटर, झगझगीत हिरवा. (स्वस्त पॉइंटरमध्ये अवरक्त प्रकाश अडवणारी गाळणी कधी कधी बसवलेलीच नसते. मग हिरव्या ठिपक्याबरोबर न दिसणारा झोतही बाहेर पडतो. मुलांच्या हातात हे खेळणं म्हणून देऊ नये, त्याला हेही एक कारण आहे.)

हे दोन्ही स्फटिक ऑक्सिजनच्या घराण्यातले आहेत. एकात व्हॅनेडियम आणि ऑक्सिजन, दुसऱ्यात टायटॅनियम, फॉस्फरस आणि ऑक्सिजन. प्रकाशाचा रंग बदलणं, स्वतःचा अपवर्तनांक (पदार्थात प्रकाश किती मंदावतो आणि वळतो ते सांगणारा आकडा) बदलणं, झोत फार तीव्र झाला की तो अडवणं, असे उद्योग करणाऱ्या पदार्थांची यादी काढली तर ऑक्साइड पानोपानी भेटतात. आणि गेली चार दशकं संशोधकांचा एक उद्योग अखंड चालू आहे: ऑक्साइडमध्ये नॅनोमीटर मापाचे दुसरे कण मिसळायचे आणि हे गुण वाढतात का ते पाहायचं. अशा मिश्रणाला नॅनोकंपोझिट म्हणतात. गुण वाढतात, पण त्याची किंमतही मोजावी लागते. शोधनिबंधांत छापलेल्या मोठमोठ्या आकड्यांतले बरेचसे तर निव्वळ उष्णतेचे असतात. ते कसं, हे समजून घ्यायचं तर सुरुवात साध्या काचेपासून करावी लागेल.

खिडकीच्या काचेतून लाल प्रकाश गेला तर लालच बाहेर येतो. दुप्पट प्रकाश टाकला तर दुप्पट बाहेर येतो. दोन झोत एकमेकांना छेदून गेले तरी एकमेकांची दखल घेत नाहीत. कारण असं की, प्रकाशाचं विद्युतक्षेत्र काचेतल्या इलेक्ट्रॉनांना हलवतं आणि हा हेलकावा क्षेत्राच्या अगदी प्रमाणात असतो. याला रेषीय वागणूक म्हणायचं. पण हे प्रमाण कायम टिकत नाही. मांडवातल्या स्वस्त कर्ण्याचा आवाज वाढवत नेला की एका मर्यादेनंतर तो फाटतो. पडदा जितका ढकलला तितका हलू शकत नाही, आणि मूळ गाण्यात नसलेले दुप्पट, तिप्पट वारंवारतेचे सूर त्यातून निघू लागतात. इलेक्ट्रॉनांचंही हेच होतं. क्षेत्र फार वाढलं की त्यांचा हेलकावा वेडावाकडा होतो आणि त्यातून मूळ प्रकाशाच्या दुप्पट, तिप्पट वारंवारतेचा प्रकाश बाहेर पडतो. ही अरेषीय प्रकाशकी. वारंवारता दुप्पट झाली की तरंगलांबी निम्मी होते; हिरव्या पॉइंटरमधला केटीपी हेच करतो.

मग सूर्यप्रकाशात हे का दिसत नाही? हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉनला बांधून ठेवणारं क्षेत्र मीटरला सुमारे पन्नास हजार कोटी व्होल्ट असतं. भर उन्हातल्या प्रकाशाचं क्षेत्र मीटरला हजार व्होल्टच्या आसपास भरतं. एवढ्याशा धक्क्याने इलेक्ट्रॉनचं काहीच बिघडत नाही. भिंगाने एकवटलेल्या लेझरच्या झटक्यात (क्षणिक झोतात) मात्र दर चौरस सेंटिमीटरला एक गिगावॅट तीव्रता सहज गाठता येते. ही उन्हाच्या तीव्रतेच्या हजार कोटी पट झाली, आणि क्षेत्र मीटरला नऊ कोटी व्होल्टच्या घरात जातं. अणूतल्या क्षेत्रापुढे हेही किरकोळच, पण मोजता येईल इतका वेडेवाकडेपणा आणायला पुरेसं.

म्हणूनच हा विषय लेझरबरोबर जन्मला. मे १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियात पहिला लेझर चालवला, तो माणकाच्या कांडीतून. माणिक म्हणजे क्रोमियमची चिमूट पडलेलं अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. पुढच्याच वर्षी मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणकाचा ६९४.३ नॅनोमीटरचा लाल झोत क्वार्ट्झच्या स्फटिकावर टाकला. पलीकडे ठेवलेल्या फोटोच्या काचेवर ३४७ नॅनोमीटरच्या जागी एक अतिनील ठिपका उमटला. ठिपका इतका फिका होता, की शोधनिबंध छापताना तो काचेवरचा डाग समजून काढून टाकला गेला, असं सांगतात. छापील चित्रात बाण आहे, बाणापुढे काहीच नाही. वारंवारता दुप्पट करण्याचा पहिला पुरावा अशा कोऱ्या जागेच्या रूपात ग्रंथालयांत जपून ठेवलेला आहे.

क्वार्ट्झऐवजी साधी सिलिका काच ठेवली असती तर ठिपका आला असता का? नाही. रसायन दोन्हींचं एकच, सिलिकॉन डायऑक्साइड. पण काचेत अणूंची मांडणी अस्ताव्यस्त असते, त्यामुळे सरासरीने डावं आणि उजवं सारखंच. इलेक्ट्रॉन इकडे ढकलला काय नि तिकडे ढकलला काय, प्रतिसाद तोच. अशा समान प्रतिसादात दुप्पट वारंवारतेचा भाग आपोआप कटतो. क्वार्ट्झच्या स्फटिकाला ही समानता नाही. झिंक ऑक्साइडलाही नाही, लिथियम नायोबेटलाही नाही, म्हणून ते वारंवारता दुप्पट करण्याच्या कामाला येतात.

काचेकडे दुसरा गुण मात्र आहे, आणि तो सगळ्याच पदार्थांकडे असतो: तीव्रता वाढली की अपवर्तनांक किंचित बदलतो. लेझरचा झोत मध्यभागी जास्त तेजस्वी आणि कडेला मंद असतो. म्हणजे मध्यभागी अपवर्तनांक जास्त बदलणार, कडेला कमी. सपाट काचेचा तुकडा त्या क्षणापुरता भिंग बनतो, आणि हे भिंग प्रकाशाने स्वतःसाठी घडवलेलं असतं. हा बदल किती? सिलिका काचेचा अपवर्तनांक सुमारे १.४६. एक गिगावॅट प्रति चौरस सेंटिमीटर एवढा झोत टाकला तर तो सुमारे ०.००००००३ ने वाढतो. दशांश चिन्हानंतरचं सातवं घर! ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश शेकडो किलोमीटर जातो, म्हणून तिथे हा इवलासा परिणामही साठत साठत जातो आणि दूरसंचार अभियंत्यांना हैराण करतो. पण चिपवर बसेल एवढ्या तुकड्यात प्रकाशाने प्रकाशाला चालू-बंद करायचं असेल तर सातव्या घरातला बदल काय कामाचा?

सिलिका इतकी मंद का, याचं उत्तर तिच्या चांगुलपणातच आहे. तिच्यातले इलेक्ट्रॉन घट्ट बांधलेले असतात. त्यांना सोडवायला सुमारे ९ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, या ऊर्जेला बँड गॅप म्हणतात. दृश्य प्रकाशाच्या एका फोटॉनकडे, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाकडे, जेमतेम दोन-तीन असतात, म्हणून काच पारदर्शक दिसते, तापत नाही, लेझरखाली टिकते. पण घट्ट बांधलेला इलेक्ट्रॉन हेलकावेही कमीच खाणार. ढोबळ नियम असा, की बँड गॅप निम्मा केला तर अपवर्तनांकाचा हा अरेषीय बदल सोळा पट होतो. थोडक्यात, पारदर्शकता आणि टिकाऊपणा हवा तर अरेषीयता कमी मिळणार. नॅनोकंपोझिटचा सगळा खटाटोप या अडचणीतून वाट काढण्यासाठी आहे: शरीर टिकाऊ ऑक्साइडचं ठेवायचं आणि नाटक करायला आत दुसरे कण सोडायचे.

यातले सर्वांत जुने कण सोन्याचे. सोन्याचे बारीक कण अडकलेली काच माणकासारखी लाल दिसते, हे काच बनवणाऱ्यांना शतकानुशतकं ठाऊक आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधला चौथ्या शतकातला रोमन लायकर्गस चषक समोरून उजेड पडला तर हिरवा दिसतो आणि आतून उजेड आला तर लाल. त्याच्या काचेत सोन्याचांदीचे नॅनोकण आहेत. कारण असं: धातूच्या कणातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या क्षेत्राबरोबर एकत्र डुलतात, आणि एका ठरावीक तरंगलांबीला ही डुलणी नेमकी जुळून येते. सिलिकेतल्या सोन्यासाठी ती ५३० नॅनोमीटरच्या आसपास, चांदीसाठी ४०० च्या आसपास. तेवढा रंग कण शोषून घेतात, उरलेला आपल्यापर्यंत पोहोचतो.

अरेषीयतेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढची. डुलणी जुळली की कणाच्या आतलं आणि लगतचं क्षेत्र बाहेरच्या क्षेत्रापेक्षा वाढतं. सोन्यासाठी हिशेब केला तर ही वाढ फार नाही, साधारण अडीचपट. पण अपवर्तनांक बदलणाऱ्या परिणामात ही वाढ चौथ्या घातात येते. अडीचचा चौथा घात म्हणजे जवळपास चाळीस. चांदी प्रकाश कमी वाया घालवते, तिच्यासाठी क्षेत्राची वाढ दहापट धरली तर हा गुणाकार दहा हजारांवर जातो. १९८५ मध्ये रिकार, रुसिन्योल आणि फ्लिट्झानिस यांनी धातूच्या कलिलांवर (द्रवात तरंगणाऱ्या बारीक कणांवर) हा परिणाम मोजून दाखवला आणि तिथून या क्षेत्राला वेग आला. सोन्याच्या कणांनी भरलेल्या काचेची अरेषीयता नुसत्या सिलिकेच्या लाखो पट नोंदली गेली आहे. त्यात क्षेत्रवाढीचा वाटा आहेच, पण मोठा वाटा खुद्द सोन्याचा: झटका बसताच त्यातले इलेक्ट्रॉन क्षणभर हजारो अंश तापतात आणि काही पिकोसेकंदांत (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही हजारावा भाग) ती ऊर्जा अणूंच्या जाळीला देऊन टाकतात.

कण नॅनोच का हवेत, मायक्रोमीटरचे का चालत नाहीत? मोठा कण प्रकाश इतस्ततः फेकतो आणि पदार्थ दुधाळ होतो. तेवढंच सोनं १० ऐवजी १०० नॅनोमीटरच्या कणांत वाटलं तर विखुरणं साधारण हजार पट वाढतं. म्हणून प्रयोगशाळेत सगळी मेहनत कण लहान, एकसारखे आणि सुटे ठेवण्यावर जाते. नेहमीची पद्धत सोल-जेलची. सिलिकॉन असलेलं एक द्रव संयुग पाणी आणि अल्कोहोलमध्ये घालून त्यात सोन्याचं क्षार विरघळवायचं, ते जेलीसारखं घट्ट होऊ द्यायचं, काचपट्टीवर पातळ थर चढवायचा आणि भट्टीत तापवायचा. तापवताना सोन्याचे अणू एकत्र येऊन कण वाढतात आणि बिनरंगी थर हळूहळू लालसर होतो. भट्टी जरा जास्त झाली की कण एकमेकांना चिकटतात, रंग जांभळा-निळ्याकडे झुकतो, आणि तो नमुना बाजूला ठेवावा लागतो. सोनं जास्त घातलं तरी हीच गत.

कण धातूचेच हवेत असं नाही. झिंक ऑक्साइडचा बँड गॅप सुमारे ३.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट. हिरव्या ५३२ नॅनोमीटरच्या फोटॉनकडे २.३३ असतात. एकटा फोटॉन इलेक्ट्रॉनला उडी मारायला लावू शकत नाही, म्हणून मंद हिरवा प्रकाश आरपार जातो. पण झोत पुरेसा दाट असेल तर दोन फोटॉन एकाच वेळी शोषले जातात. त्यांची बेरीज ४.६६, आणि उडी साधते. ही शक्यता मारिया गोपर्ट-मेयर यांनी १९३० मध्ये जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठाच्या आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात कागदावर मांडली होती. प्रत्यक्ष दिसायला १९६१ उजाडलं, लेझर आल्यावर. (नोबेल त्यांना मिळालं ते अणुगर्भाच्या रचनेवरच्या वेगळ्याच कामासाठी.)

म्हणजे झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे कण घातलेला थर मंद प्रकाशाला वाट देतो आणि तीव्र प्रकाशाला अडवतो. यावरून लेझरपासून डोळे आणि कॅमेऱ्यांचे संवेदक वाचवण्याची कल्पना निघाली, आणि शेकडो शोधनिबंधांच्या शेवटच्या परिच्छेदात ती येते. इथे एक सावधगिरी हवी. गेल्या काही वर्षांत गणेशोत्सवाच्या मिरवणुकांतल्या लेझरच्या झोतांनी दृष्टिपटलाला इजा झाल्याच्या तक्रारी आल्या आणि पुण्यात पोलिसांनी अशा झोतांवर बंदीचे आदेश काढले. त्या झोतांपासून असा थर लावलेला चष्मा वाचवेल का? नाही वाचवणार. ते झोत सलग चालणारे असतात. चष्म्यापाशी त्यांची तीव्रता चौरस सेंटिमीटरला फार तर काही वॅट. थराला जागं व्हायला लाखो-कोट्यवधी वॅट लागतात. डोळ्याचं भिंग पुढे तोच झोत दृष्टिपटलावर एकवटतं आणि इजा होते ती तिथे, चष्मा ओलांडून आत गेल्यावर. या थरांचा उपयोग आहे तो नॅनोसेकंदांच्या (सेकंदाच्या अब्जाव्या भागांच्या) जोरदार झटक्यांसाठी, आणि तोही थर भिंगाच्या केंद्राजवळ बसवला तर.

आता हे सगळं मोजतात कसं ते पाहू, कारण फसगत होते ती इथेच. जगभरच्या आणि भारतातल्याही विद्यापीठांत यासाठी झेड-स्कॅन ही पद्धत वापरतात. मन्सूर शेख-बहाई, एरिक व्हॅन स्ट्रायलँड आणि सहकाऱ्यांनी ती १९८९-९० मध्ये मांडली. तिची लोकप्रियता साधेपणामुळे आहे: एक लेझर, एक भिंग, सरकता मंच, बारीक छिद्राचा पडदा आणि प्रकाश मोजणारा डिटेक्टर.

भिंग झोताला एका बिंदूवर एकवटतं. नमुना मंचावर ठेवून त्या बिंदूच्या अलीकडून पलीकडे हळूहळू सरकवायचा. नमुना बिंदूपासून दूर असतो तेव्हा झोत पसरट, तीव्रता कमी, काहीच घडत नाही आणि वाचन सपाट राहतं. बिंदूच्या जरा अलीकडे आला की तीव्रता वाढते आणि नमुना स्वतःच बहिर्वक्र भिंग बनतो. झोत ठरल्या जागेच्या आधीच एकवटतो, पुढे जास्त फाकतो, छिद्रातून कमी प्रकाश जातो: आलेखात दरी. बिंदूच्या पलीकडे गेला की तेच भिंग फाकणाऱ्या झोताला आवरतं, छिद्रातून जास्त प्रकाश जातो: आलेखात शिखर. आधी दरी मग शिखर म्हणजे तीव्रतेबरोबर अपवर्तनांक वाढतो, उलट क्रम म्हणजे घटतो. दरी आणि शिखर यांतल्या उंचीवरून बदलाचं माप निघतं. छिद्राचा पडदा काढून सगळा प्रकाश गोळा केला तर फक्त शोषण दिसतं: झिंक ऑक्साइडसारख्या नमुन्यात मधोमध खड्डा, आणि सोन्याच्या कणांत बऱ्याचदा उंचवटा, कारण तीव्र प्रकाशात त्यांची शोषून घेण्याची क्षमता भरून जाते आणि ते अधिक पारदर्शक होतात. झटका आणखी वाढवला तर त्याच नमुन्यात उंचवट्याच्या जागी खड्डाही येऊ शकतो.

पण नमुना तापला तरी त्याचा अपवर्तनांक बदलतो! मध्यभाग जास्त तापतो, कडा कमी, आणि भिंग तयार होतं. आलेखात दरी आणि शिखर अगदी तशीच उमटतात. छिद्रामागचा डिटेक्टर हे भिंग इलेक्ट्रॉनांच्या हेलकाव्यांनी बनलं की उष्णतेने, हे सांगू शकत नाही. सलग चालणारा साधा लेझर वापरून केलेल्या झेड-स्कॅनमध्ये जवळपास सगळा परिणाम उष्णतेचा असतो, आणि तो सिलिकेच्या खऱ्या अरेषीयतेच्या कोट्यवधी पट भरू शकतो. नॅनोसेकंदांच्या झटक्यांत दोन्ही मिसळतात. फेम्टोसेकंदांचे (पिकोसेकंदाच्या हजाराव्या भागांचे) झटके वापरले तर उष्णतेला भिंग बनवायला वेळच मिळत नाही, पण ते झटके सेकंदाला कोट्यवधी वेळा येत असतील तर एका झटक्याची ऊब विरायच्या आत दुसरा येऊन पडतो आणि उष्णता पुन्हा साठते.

उष्णतेचं भिंग खोटं नव्हे, तोही भौतिक परिणामच. काही कामांना तो चालतो. पण ज्या निबंधाची प्रस्तावना सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होणाऱ्या प्रकाशीय स्विचने सुरू होते आणि आत मोजमाप सलग लेझरवर केलेलं असतं, तो माझ्या मते वाचकाची दिशाभूल करतो. उष्णता विरायला मायक्रोसेकंद ते मिलिसेकंद लागतात. असा स्विच एकदा चालू झाला की बंद व्हायला हजारो ते लाखो पट वेळ घेईल. म्हणून या विषयावरची बातमी किंवा निबंध हाती आला तर ‘इतके लाख पट’ या शब्दांआधी झटका किती लांबीचा होता ते शोधावं. मग तरंगलांबी कोणती आणि त्या तरंगलांबीला नमुना किती प्रकाश गिळतो ते पाहावं. सोन्याची अरेषीयता ५३० नॅनोमीटरजवळ सर्वांत जास्त असते, आणि शोषणही नेमकं तिथेच सर्वांत जास्त. बदल मोठा मिळतो, पण तो घेऊन पलीकडे पोहोचायला प्रकाश फारसा उरत नाही.

हा तिढा थोडा सैल करणारं काम २०१६ मध्ये ओटावा विद्यापीठातून आलं, आणि त्यासाठी निवडलेला पदार्थ आपल्या मोबाइलच्या टचस्क्रीनवर रोज बोटाखाली असतो: इंडियम टिन ऑक्साइड. हे ऑक्साइड पारदर्शक असूनही वीज वाहतं, कारण त्यात मोकळे इलेक्ट्रॉन आहेत, पण धातूपेक्षा कितीतरी कमी. त्यामुळे १२४० नॅनोमीटरच्या आसपास अशी एक जागा येते, जिथे पदार्थाची विद्युत-पारगम्यता (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचं माप) जवळपास शून्य होते. अपवर्तनांक हा साधारणपणे तिच्या वर्गमुळासारखा चालतो, आणि शून्याजवळच्या संख्येत जरासा फरक पडला तरी तिच्या वर्गमुळात मोठा फरक पडतो. आलम, डी लिऑन आणि बॉइड यांनी ३१० नॅनोमीटर जाडीच्या थरावर फेम्टोसेकंदांचे झटके मारून अपवर्तनांकात ०.७२ चा बदल मोजला. सिलिकेत ज्यासाठी दशांशाचं सातवं घर शोधावं लागलं, तो बदल इथे पहिल्याच घरात. त्यांनी वापरलेली तीव्रता कितीतरी जास्त होती, हे ही तुलना करताना विसरायचं नाही. तरीही आकडा मोठाच आहे, आणि थर ३६० फेम्टोसेकंदांत पूर्ववत होतो, म्हणजे यात उष्णतेची लबाडी नाही.

शोषण इथेही सुटलेलं नाही, म्हणून थर जाड करता येत नाही. दोन वर्षांनी त्याच गटाने अशाच पातळ थरावर सोन्याच्या नॅनोमापाच्या पट्ट्या अँटेनासारख्या मांडल्या. सोनं क्षेत्र एकवटतं, ऑक्साइड त्याला प्रतिसाद देतं, आणि कमी तीव्रतेतही मोठा बदल मिळतो.